लिहिण्याची वेळ : बगदादपासून अहमदनगरच्या किल्ल्यापर्यंत

'लिहायचे खूप आहे, पण वेळ मिळत नाही.' मराठीत लिहिणारे चार मुस्लिम लेखक एकत्र आले की हे वाक्य हमखास ऐकू येते. ते खोटे आहे असे कोण म्हणेल? लेखणीवर घर चालवणारा माणूस आपल्यात शोधून सापडत नाही. कोणी शिक्षक आहे, कोणी कचेरीत कारकून आहे, कोणाचे छोटे दुकान आहे, कोणी रात्रपाळी करून आलेला आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांतले शिक्षक तर या तक्रारीत सर्वांच्या पुढे. हजेरी, पोषण आहाराच्या नोंदी, मतदार याद्या, जनगणना, तपासायचे पेपर आणि घरी आल्यावर शिकवण्या. या सगळ्यांतून उरलेल्या माणसाने लिहायचे कधी?

याचा परिणाम आपल्या डोळ्यांसमोर आहे. एखाद्या अंकात कोणाची कविता येते, दुसऱ्या वर्षी कथा येते, सगळे वाहवा करतात, मग तो लेखक दहा वर्षे दिसत नाही. कादंबरीची पहिली तीन प्रकरणे कपाटात पडून राहतात. आजी-आजोबांकडून ऐकलेल्या मोहल्ल्याच्या गोष्टी त्यांच्याबरोबरच कब्रस्तानात जातात. ज्या समाजाबद्दल इतर सगळे लिहितात आणि ज्याने स्वतःबद्दल फार थोडे लिहिले आहे, त्या समाजाला हे नुकसान परवडणारे नाही. म्हणून आम्हांला प्रश्न पडला, की आपल्या आधीचे जे लिहिणारे होते, त्यांना वेळ कसा मिळत होता? त्यांचा दिवस कसा जात होता? इतिहासात डोकावले तर असे दिसते, की मोकळा वेळ त्यांच्यापैकी फार थोड्यांना मिळाला. बाकीच्यांनी एक ठरावीक घटका धरून ठेवली, आणि ती धरून ठेवण्याची किंमत कोणीतरी मोजली. ही किंमत कोणी मोजली, हेही आपण पाहू.

सुरुवात बगदादपासून करू. इमाम तबरी यांचा जन्म सन ८३९ मध्ये तबरिस्तानातल्या आमुल शहरात झाला आणि सन ९२३ मध्ये बगदाद येथे त्यांचे निधन झाले. कुरआनचे प्रचंड भाष्य आणि जगाच्या आरंभापासूनचा इतिहास, असे दोन डोंगर त्यांनी उभे केले. त्यांच्याविषयी चरित्रकार सांगतात, की चाळीस वर्षे ते रोज चाळीस पाने लिहीत. हा आकडा शिष्यांच्या आदरातून आला असे मानले, तरी त्यांच्या दिवसाचे जे वर्णन मिळते ते अगदी साधे आणि पटण्यासारखे आहे. दुपारी थोडी झोप, मग जोहरची नमाज, जोहर ते असर लेखन. असरनंतर मशिदीत शिकवणे, ते मगरिबपर्यंत. मगरिबनंतर इशापर्यंत पुन्हा विद्यार्थी. इशा झाली की घर.

या दिनक्रमात घड्याळ नाही. दिवसाचे भाग नमाजांनी पाडलेले आहेत. जोहर ते असर हा तुकडा लेखनाचा, आणि त्यात दुसरे काही शिरू द्यायचे नाही. दिवसाला अशा पाच खुणा आपल्या प्रत्येकाच्या घरात आजही आहेत. मशिदीतून अजान ऐकू येते आणि आई 'असर झाली, चहा टाका' म्हणते. आपल्या घरांत वेळ मोजण्याची ही जुनी पद्धत अजून जिवंत आहे. तिचा उपयोग लेखनासाठी करावा, हे मात्र आपल्याला सुचत नाही.

तबरींचा आणखी एक किस्सा प्रसिद्ध आहे. त्यांनी शिष्यांना विचारले, कुरआनचे भाष्य लिहून घ्याल का? शिष्यांनी विचारले, किती मोठे होईल? ते म्हणाले, तीस हजार पाने. शिष्य म्हणाले, ते पुरे होण्याआधी आमची आयुष्ये संपतील. तेव्हा त्यांनी ते तीन हजार पानांच्या आसपास आणले. इतिहासाच्या ग्रंथाच्या वेळीही असेच झाले म्हणतात. काम आपल्या आवाक्यात आणणे हाही कामाच्या सवयीचाच भाग आहे. मात्र एक गोष्ट विसरता येणार नाही. तबरींनी लग्न केले नव्हते, आणि तबरिस्तानातल्या वडिलोपार्जित जमिनीचे उत्पन्न त्यांना येत असे. म्हणजे घरात पोरांची भांडणे नाहीत आणि महिन्याच्या पगाराची वाट पाहणे नाही. त्यांच्यासारखी जोहर ते असर आपल्या नशिबी कुठून येणार, असे कोणी म्हटले तर ते चूक नाही.

मग ज्यांना नोकरी होती त्यांच्याकडे वळू. इब्न सीना (९८० ते १०३७) यांना आपण हकीम म्हणून ओळखतो. हमदान शहरात ते अमीर शम्सुद्दौला यांचे वजीर होते. वजिरी म्हणजे दिवसभराची चाकरी : दरबार, हिशेब, मोहिमा, लष्कराच्या तक्रारी. त्यांचे शिष्य अबू उबैद जूजजानी यांनी लिहून ठेवले आहे, की दिवस अमिराच्या सेवेत जात असल्यामुळे ज्ञानाचे काम रात्री चाले. विद्यार्थी रोज रात्री त्यांच्या घरी जमत. जूजजानी 'अश्-शिफा' या ग्रंथातला भाग वाचत, दुसरा कोणी 'अल्-कानून'मधला भाग वाचे. पुढे शेकडो वर्षे युरोपच्या वैद्यकीय विद्यापीठांत शिकवले गेलेले पुस्तक हे असे एका सरकारी नोकराच्या रात्रींतून आकाराला आले.

सन १०२१ मध्ये शम्सुद्दौला वारला. इब्न सीना यांनी नव्या अमिराची वजिरी नाकारली आणि एका औषधविक्रेत्याच्या घरी लपून राहिले. जूजजानींनी आग्रह धरला, की आता तरी 'शिफा' पुरा करा. त्यांनी कागद आणि दौत मागवली. जवळ एकही ग्रंथ नसताना दोन दिवसांत मुख्य मुद्द्यांची टिपणे काढली. मग एकेक मुद्दा समोर घेऊन रोज पन्नास पाने लिहीत गेले. पुढे ते पकडले गेले आणि फर्दजान नावाच्या किल्ल्यात चार महिने कैदेत राहिले. तिथेही त्यांनी लिहिलेच. पळापळीत आणि कैदेत हात चालू राहिला, कारण वजिरीच्या काळातल्या रात्रींनी त्या हाताला वळण लावले होते.

आता आपल्या देशात येऊ. मिर्झा गालिब (१७९७ ते १८६९) यांच्या सवयी पाहिल्या तर शिस्तीचा माणूस डोळ्यांसमोर येत नाही. कर्ज, मद्य, जुगाराबद्दल झालेली कैद, हे सगळे आपण जाणतो. पण मौलाना हाली यांनी १८९७ च्या 'यादगार-ए-गालिब'मध्ये एक गोष्ट नोंदवली आहे. गालिब बहुधा रात्री शेर रचत. एक शेर पुरा झाला की कमरबंदाला एक गाठ मारत. अशा आठ-दहा गाठी मारून झोपत. सकाळी उठल्यावर एकेक गाठ सोडत आणि तो तो शेर आठवून कागदावर उतरवत. रात्रीचे काम सकाळी हिशेबात घेतले जाई. हालींनी हेही सांगितले आहे, की गालिब पुस्तके विकत घेत नसत. दुकानांतून पुस्तके आणून भाड्याने देणारा एक माणूस होता, त्याच्याकडून ते आणवीत आणि वाचून परत करत. घरात ग्रंथालय नाही, लिहायला मेज नाही, म्हणून अडून बसणाऱ्यांनी हा कमरबंद आठवावा. १८५७ च्या धामधुमीत गालिब दिल्लीत बल्लीमारान मोहल्ल्यातल्या घरात अडकून पडले, पेन्शन बंद झाली, ओळखीचे लोक मारले गेले. त्या काळातही त्यांनी 'दस्तंबू' ही फारसी रोजनिशी लिहिली. ती १८५८ मध्ये छापली गेली.

गालिबना रात्रीची शांतता तरी होती. सआदत हसन मंटो (१९१२ ते १९५५) यांना तीही नव्हती. मुंबईत ते साप्ताहिकाचे संपादन आणि सिनेमा कंपन्यांच्या नोकऱ्या करत होते. जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला गेल्यावर तर रोजच्या खर्चासाठी कथा लिहायची वेळ आली. आपण कथा कशी लिहितो यावर मंटोंनी स्वतःच लिहिले आहे. ते सोफ्यावर बसतात, कागद-कलम घेतात, बिस्मिल्ला करतात आणि कथा सुरू होते. तिन्ही मुली गोंगाट करत असतात. ते त्यांच्याशी बोलतात, त्यांची भांडणे सोडवतात, स्वतःसाठी सॅलड कापतात, कोणी भेटायला आला तर त्याची खातिरदारी करतात, आणि कथा लिहिणे चालूच राहते. कागदाच्या माथ्यावर ते आधी ७८६ लिहीत. ज्यांच्या कथांवर अश्लीलतेचे खटले भरले गेले, त्यांची ही सवय पुष्कळांना ठाऊक नसते. मंटोंना दारूने बेचाळिसाव्या वर्षी नेले. तेवढी सवय सोडून बाकीच्यांकडे आपण पाहावे. लेखनासाठी बंद खोली हवीच, हा समज मंटोंचा सोफा खोटा ठरवतो.

शिक्षकांसाठी आणखी एक उदाहरण दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुन्शी प्रेमचंद फेब्रुवारी १९२१ पर्यंत सरकारी शिक्षण खात्यात नोकरी करत होते. आधी मास्तर, मग शाळा तपासणारे अधिकारी, मग पुन्हा मास्तर. त्यांचा 'सोज-ए-वतन' हा उर्दू कथासंग्रह सरकारने जप्त केला आणि यापुढे प्रत्येक ओळ दाखवून छापा असे बजावले. तेव्हा त्यांनी नाव बदलले, लिहिणे थांबवले नाही. 'बाजार-ए-हुस्न' ही कादंबरी शाळेची नोकरी करतानाच उर्दूत लिहिली गेली. हिंदीत ती 'सेवासदन' या नावाने आधी प्रसिद्ध झाली. म्हणजे नोकरी, तपासण्या आणि वरिष्ठांची नजर हे आपल्याच पिढीला मिळालेले दान नव्हे.

आता आपण आपल्या महाराष्ट्रातल्या एका खोलीकडे येतो. तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली. व्हिक्टोरिया टर्मिनसहून खास गाडी निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि कार्यसमितीच्या नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात. शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण ज्या किल्ल्यासाठी चांदबीबी मोगलांशी लढली तो हाच. तिथे एकूण बाराजण होते : मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, आपले शंकरराव देव आणि इतर. मौलाना त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि त्यांचे वय चोपन्नच्या आसपास होते.

किल्ल्यात मौलानांनी पत्रे लिहिली. ती अलीगडकडचे त्यांचे स्नेही नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून होती, पण टपालात पडण्याची शक्यताच नव्हती. उत्तर येणार नाही हे ठाऊक असताना हा माणूस लिहीत राहिला. सुटकेनंतर, १९४६ मध्ये, त्यांचे सचिव अजमल खान यांनी ती पत्रे 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध केली. उर्दू गद्याचे हे मानाचे पान अहमदनगरात लिहिले गेले, हे किती मराठी वाचकांना माहीत आहे? ज्या जिल्ह्यात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' रचला, त्याच जिल्ह्यात तीनशे वर्षांनी एका मौलानाने उर्दूत ही पत्रे लिहावीत, हा योग आम्हांला फार मोलाचा वाटतो.

त्यांचा दिनक्रम पत्रांतूनच कळतो. रात्री लवकर झोपायचे आणि तीन ते चारच्या दरम्यान उठायचे. ही सवय लहानपणापासूनची. बराकीतले बाकीचे झोपलेले असताना मौलाना स्वतः चहा तयार करत. चहा चिनी, पांढऱ्या चमेलीच्या नावाचा, दुधाशिवाय. दूध घातलेल्या चहाला ते चहाच मानायला तयार नसत, त्याला पातळ हलवा म्हणत. आपल्या घरी असे कोणी बोलले तर चुलीजवळून काय उत्तर येईल ते सांगायला नको! छोट्या पेल्यातून एक घोट, मग सिगारेटचा झुरका, मग पुन्हा घोट, आणि समोर कागद. फजरपर्यंतचा हा वेळ त्यांचा स्वतःचा. दिवस उजाडला की राजकारण, चर्चा, सहकारी, सगळे आलेच.

बाहेरच्या जगात हीच घटका टिकवण्यासाठी त्यांनी काय सोसले होते, तेही पाहिले पाहिजे. 'तर्जुमानुल कुरआन' या त्यांच्या भाष्याचे काम रांचीच्या नजरकैदेत चालू होते. पोलिसांनी कागद नेले. पुन्हा काम केले. १९२१ च्या अटकेच्या वेळी पुन्हा कागद गेले. परत मिळाले तेव्हा ते फाटलेले आणि विस्कटलेले होते. काही वर्षे त्यांचे मन त्या कामावरून उडाले. १९२७ मध्ये पुन्हा बसले आणि पहिल्या खंडाचे काम १९३० मध्ये मेरठच्या तुरुंगात संपवले. तो खंड १९३१ मध्ये आला, दुसरा १९३६ मध्ये. तिसरा आला नाही. एकदा हस्तलिखित हरवले तर आपल्यातले किती जण पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतील?

त्याच किल्ल्यात शेजारच्या खोलीत नेहरूंनी वीस महिन्यांहून अधिक काळ बागकाम, वाचन आणि विचार यांत घालवला. मग १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत हाताने लिहिलेली हजार पाने भरून 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' पुरे केले. ज्या सोबत्यांशी झालेल्या चर्चांचे ऋण त्यांनी खास मानले, त्यांत मौलाना आहेत. एकाच भिंतीआड दोन वेगळ्या पद्धती : एकाचा रोजचा पहाटेचा थेंब, दुसऱ्याचा साचून आलेला पूर. दोन्ही खऱ्या. पण पूर येण्याआधी वीस महिने पाणी साठत होते, हे पुराची वाट पाहत बसणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मौलानांचा दिनक्रम म्हणजे आदर्श, तसेच वागावे. थांबा. मौलानांनी स्वतःच त्या आदर्शाची दुसरी बाजू उघडी केली आहे.

३ ऑगस्ट १९४२ रोजी ते कलकत्त्याहून मुंबईला निघाले, तेव्हा पत्नी जुलेखा बेगम नेहमीप्रमाणे दारापर्यंत आल्या. मौलाना म्हणाले, नवीन काही घडले नाही तर १३ ऑगस्टपर्यंत परत येईन. बेगम 'खुदा हाफिज'पलीकडे काही बोलल्या नाहीत. ती शेवटची भेट. २३ मार्च १९४३ रोजी त्यांच्या गंभीर आजाराची खबर किल्ल्यात आली. तुरुंगाच्या सुपरिंटेंडेंटने सुचवले, की सरकारकडे काही विनंती करायची असेल तर मी लगेच पाठवतो. नेहरूही बोलायला आले. मौलानांनी सरकारकडे विनंती करायला साफ नकार दिला.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल त्यांनी ११ एप्रिलच्या पत्रात लिहिले आहे. दिनक्रमात काही फरक पडू द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले. जेवायच्या वेळेला जेवणाच्या खोलीत जायचे, घास उतरत नसला तरी बसायचे. लिहिण्याच्या वेळेला लिहायचे. रोज वर्तमानपत्र येण्याच्या सुमाराला बाहेर पावलांचा आवाज झाला की काळीज धडधडू लागे. कोच असा ठेवलेला होता, की दाराकडे पाठ येई आणि येणाऱ्याचा चेहरा दिसत नसे. जेलर आत आला की मौलाना हसून खुणेने सांगत, पेपर मेजावर ठेवा, आणि जणू काही घाई नाही अशा रीतीने लिहीत राहत. पुढे ते कबूल करतात, की हा सगळा देखावा होता. आपल्या धीराला आणि प्रतिष्ठेला डाग लागू नये म्हणून मनातला अहंकार हा खेळ खेळत होता. ९ एप्रिलला दुपारी निधनाची खबर आली.

त्या पत्राच्या शेवटी ते किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या कबरीचा उल्लेख करतात. ती कोणाची हे त्यांना ठाऊक नाही. आल्यापासून शेकडो वेळा ती नजरेला पडली होती, पण आता तिच्याकडे पाहिले की वेगळीच ओढ वाटते. कलकत्त्याच्या कबरीपर्यंत जाता येत नव्हते. अहमदनगरातली एक अनोळखी कबर मौलानांना जवळची झाली. यानंतरची पत्रे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

आम्ही हे पत्र अनेकदा वाचले आहे, आणि दर वेळी दिनक्रमाचे कौतुक जरा कमी होऊन माणसाबद्दलचा आदर वाढला आहे. ठरावीक वेळ माणसाला उभे ठेवते, हे खरे. पण तिच्या आड दुःख लपवता येते, हेही खरे. आणि आणखी एक गोष्ट त्या पत्रातून समोर येते. मौलानांची पहाट अखंड राहिली, कारण कलकत्त्याचे घर वर्षानुवर्षे कोणीतरी एकटीने सांभाळत होते. नवरा दौऱ्यावर, नवरा तुरुंगात, आणि तक्रारीचा एक शब्द नाही. 'गुबार-ए-खातिर'च्या पानांत जुलेखा बेगमचे आयुष्यही मुरलेले आहे. त्यांनी कधी काही लिहिले असते, तर कोणत्या वेळेला लिहिले असते?

याचे उत्तर त्याच कलकत्त्यातल्या दुसऱ्या एका बाईच्या आयुष्यात मिळते. बेगम रुकैया सखावत हुसेन (१८८० ते १९३२) यांचा जन्म रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावी कडक पडद्याच्या घरात झाला. मुलींना बंगाली आणि इंग्रजी शिकवणे घराला मंजूर नव्हते. मोठी बहीण करीमुन्निसा यांनी बंगाली शिकवली. घरातले सगळे झोपले की भाऊ इब्राहिम मेणबत्तीच्या उजेडात इंग्रजी शिकवत. म्हणजे रुकैयांचा पहिला दिनक्रमच रात्रीचा आणि चोरीचा होता. लग्नानंतर पती सखावत हुसेन यांचा पाठिंबा मिळाला. ते दौऱ्यावर असताना एकटीने वेळ घालवावा म्हणून त्यांनी इंग्रजीत 'सुलतानाज ड्रीम' लिहिले आणि १९०५ मध्ये ते मद्रासच्या नियतकालिकात छापून आले. त्यात पुरुष पडद्यात आहेत आणि देश बायका चालवतात. पती परत आले, त्यांनी उभ्याउभ्याच ते सगळे वाचून काढले.

१९०९ मध्ये पती वारले. १९११ मध्ये रुकैयांनी कलकत्त्यात मुलींची शाळा चालू केली, ती आठ मुलींवर. शाळेचे माध्यम उर्दू होते आणि रुकैया स्वतः लिहीत बंगालीत. दिवसा एका भाषेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात दुसऱ्या भाषेत लिहायचे, ही कसरत आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकवून मराठीत लिहिणाऱ्यांना वेगळी समजावून सांगायला नको. घरोघर जाऊन मुली जमवणे, पडद्याची गाडी ठेवणे, लोकांच्या शिव्या खाणे, पैसे गोळा करणे, हे सगळे करून त्यांनी 'मोतीचूर', 'पद्मराग', 'अवरोधवासिनी' ही पुस्तके लिहिली. ९ डिसेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्या रात्रीपर्यंत त्या लिहीत होत्या. मेजावर एक अपुरा लेख सापडला. त्याचा विषय होता स्त्रीचे हक्क.

तबरींची जोहर ते असर, इब्न सीनांची इशानंतरची रात्र, गालिबच्या कमरबंदाच्या गाठी, मंटोंचा गोंगाटातला सोफा, मौलानांची तीन वाजताची पहाट, रुकैयांची मेणबत्ती. प्रत्येकाची घटका वेगळी आहे. पुरुषांच्या घटकेमागे बहुधा घरातल्या कोणाचे तरी कष्ट होते, आणि रुकैयांना ती मिळवायला आधी भावाने मेणबत्ती धरावी लागली. यातून आम्हांला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. लेखकाचा दिनक्रम हा त्याच्या एकट्याचा नसतो, तो घराचा असतो. आपल्या मोहल्ल्यांत लेखक कमी असण्याचे एक कारण हे आहे, की घटका धरणारे थोडे आहेत. दुसरे मोठे कारण हे आहे, की ज्या हातांना सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे, ते हात फजरपासून इशानंतरपर्यंत चुलीत, धुण्यात आणि पोरांत अडकलेले आहेत.

म्हणून वाचकहो, 'वेळ मिळत नाही' ही तक्रार करताना आपण स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. अजान ते अजान यांमधला कोणता एक तुकडा आपण धरून ठेवू शकतो? तो अर्ध्या तासाचा असला तरी चालेल. रोज एक पान म्हटले तरी वर्षाला तीनशे पासष्ट पाने होतात. आणि दुसरा प्रश्न, आपल्या घरात शिकलेली बहीण, बायको किंवा मुलगी असेल, तर तिच्यासाठी असा एक तुकडा आपण कोणत्या वेळेला मोकळा करून देणार आहोत? त्या वेळेला मुलांना कोण सांभाळणार, चहा कोण टाकणार, हे नुसते बोलून भागणार नाही. ते ठरवून टाकावे लागेल. पुढच्या पिढीच्या हाती आपले किती पडेल आणि कपाटात किती राहील, ते अशाच छोट्या ठरावांवर अवलंबून आहे.